दोन ठोके… आणि एक

ही घटना खरी आहे.

खोटी वाटली तर खुशाल वाटू द्या. इथे रोज कुणाच्या तरी काकाला पांढऱ्या कपड्यातली बाई दिसते आणि तुम्ही खाली "बाप रे" लिहून मोकळे होता. मला तुमचं "बाप रे" नको. कुणीतरी हे नीट वाचावं, एवढंच हवंय.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही.

अमावस्या नव्हती. वारा सुटला नव्हता, कुत्रं रडत नव्हतं, दिवे गेले नव्हते. बुधवार होता. दुपारचे साडेतीन. लख्ख ऊन पडलेलं. चार मजली जुनी इमारत, तिचा तिसरा मजला, आणि लिफ्टला लागून असलेलं घर. ते घर माझ्या मामाचं.

जे झालं ते मामाबरोबर झालं. त्याच संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात बसून त्याने ते स्वतःच्या तोंडाने सांगितलं. शेवटचा भाग मात्र मी माझ्या डोळ्यांनी पाहिला.

मामा लिफ्टचा मेकॅनिक. वीस वर्षं तेच काम. आणि त्याला एका भुताच्या मालिकेचं वेड होतं. मालिकेचं नाव सांगत नाही, फुकट जाहिरात कशाला? पाच वर्षं चालू आहे. पाच वर्षांत त्या घरात जेवढे मेले, तेवढ्यांत एक गाव वसलं असतं.

मामा तिचा चाहता होता, पण जगावेगळा. प्रत्येक भाग बघायचा आणि मालिकेच्या पेजवर त्याच्या चिंध्या करायचा. "आजचे फॉल्ट" असं वर लिहून खाली आकडे घालून यादी. 'भूत भिंतीतून आत येतं आणि बाहेर जाताना कडी काढतं. फॉल्ट एक.' 'मंगळवारी फुटलेला दिवा गुरुवारी शाबूत. फॉल्ट दोन.' 'प्रेत श्वास घेतंय, पोट हलतंय, निदान चादर तरी जाड घ्या. फॉल्ट तीन.' हजारो लोक ती यादी वाचायला टपून असायचे. त्याला सगळे फॉल्टकाका म्हणायचे.

"एवढी भिकार आहे तर बघता कशाला, काका?" असं कुणी विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं.

"कुणीतरी लक्ष ठेवायला नको?"

माझी आई त्याची मोठी बहीण. ती म्हणायची, "दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ बरोबर दिसतं याला." पुढचं मुसळ कुठे होतं, ते तेव्हा तिलाही माहीत नव्हतं.

आता बाबांबद्दल सांगते. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

माझे बाबाही लिफ्टचेच मेकॅनिक. मामाला त्यांनीच कामाला लावलं, पाना कसा धरायचा तेही त्यांनीच शिकवलं. मामा त्यांना दाजी म्हणायचा. कामावर दोघांची जोडी होती. जुन्या लिफ्टचं काम असलं की एकजण लिफ्टच्या टपावर उभा राहायचा आणि दुसरा सगळ्यात वर, मशीनच्या खोलीत बटणापाशी. वरच्याला टपावरचा दिसत नाही. हाक मारली तर नुसती घुमते, शब्द कळत नाहीत. मोबाइलला टपावर रेंज नसते.

म्हणून बाबांनी एक इशारा ठरवला होता. लिफ्ट ज्यावरून सरकते, त्या लोखंडी रुळावर टपावरच्याने पाना आपटायचा.

दोन ठोके… थोडं थांबायचं… मग एक.

म्हणजे, मी मधोमध नीट उभा आहे, हलव.

वरच्याने तेच ठोके परत द्यायचे. दोन… आणि एक. उत्तर मिळालं की टपावरच्याने जागचं हलायचं नाही. आणि उत्तर दिल्याशिवाय वरच्याने बटणाला हात लावायचा नाही. दुसरी कुठलीही जोडी हा इशारा वापरत नव्हती. तो बाबांचा होता.

तीन वर्षांपूर्वी एका दुपारी बाबा टपावर होते आणि मामा वर. लिफ्ट हलली तेव्हा बाबा कडेला वाकलेले होते. लिफ्ट वर जाते तेव्हा तिचं वजन, म्हणजे एक भलीमोठी लोखंडी चौकट, त्याच कडेने खाली येते.

यापुढचं मी सांगणार नाही.

चौकशीत मामा म्हणाला, "दाजींनी ठोके दिले. मी उत्तर दिलं. मगच बटण दाबलं. उत्तर मिळाल्यावरसुद्धा ते हलले, त्याला मी काय करू?"

कागदावर लिहिलं गेलं, 'मृत कामगाराची स्वतःची घाई.'

तेच आमच्या घरात राहायला आलं. माझ्या हातून कप फुटला, रस्ता ओलांडताना माझं पाऊल जरा आधी पडलं, परीक्षेत एखादं गणित चुकलं, की आई म्हणायची, "बापासारखी घाई करू नकोस." तीन वर्षं मी हे ऐकलं. शेवटी शेवटी मला बाबांची आठवण आली की आधी राग यायचा. कसली एवढी घाई होती तुम्हाला?

तर तो बुधवार.

मामाची सुट्टी होती. मामी कामावर गेली होती. मालिकेचा आदल्या संध्याकाळचा भाग मामा नेहमी दुसऱ्या दिवशी दुपारी बघायचा, म्हणजे थांबवून, मागे नेऊन, चवीने चुका काढता येतात. एका हातात चहा, दुसऱ्या हातात मोबाइल. टीव्ही ज्या भिंतीला लावलेला होता, तिच्या पलीकडे त्या इमारतीची लिफ्ट.

ती लिफ्ट चार दिवस बंद होती. मोटार जळाली होती. मामानेच शनिवारी दोन माणसं लावून ती उतरवली आणि दुरुस्तीला पाठवली. मेन स्विच बंद. फ्यूज मामाच्या कपाटात. लिफ्ट तळमजल्यावर, दारावर 'बंद' अशी पाटी.

हे लक्षात ठेवा. लिफ्टला मोटारच नव्हती.

आणि त्या दिवशीच्या भागात भूत होतं एका लिफ्टमध्ये! मामाला आयतं कुरणच मिळालं.

"अरे गाढवांनो," तो टीव्हीला म्हणाला, "मशीनची खोली तळघरात? आणि हा मेकॅनिक म्हणे! हेल्मेट बघा कसं चकाचक. लग्नाला निघालाय की कामाला?"

फॉल्ट एक, मशीनची खोली. फॉल्ट दोन, हेल्मेट. फॉल्ट तीन, तारेचा दोर म्हणून चक्क सुतळी रंगवलेली. मोबाइलवर बोट भराभर चालत होतं. खाली हसणाऱ्यांची रांग लागली होती.

अकरावं मिनिट.

पडद्यावर मेलेला मेकॅनिक टपावर उभा राहिला. निळा उजेड, धूर, सगळा नेहमीचा तमाशा. मामा पुढचा फॉल्ट लिहायला लागला.

आणि त्याला ऐकू आलं…

टक्. टक्.

टक्.

मामाच्या हातातला चहा मांडीवर सांडला. भाजलं, पण त्याला ते नंतर कळलं.

दोन… आणि एक. मधलं अंतरही तेच. बाबांचं.

मामाने भाग मागे नेला. दहाव्या मिनिटापासून पुन्हा लावला. मेकॅनिक टपावर आला, धूर आला, आणि तो किंचाळला. ठोके नव्हते.

पुन्हा मागे नेला. नुसती किंचाळी.

तिसऱ्यांदाही तेच.

"कान वाजले," मामा स्वतःशी म्हणाला. तरी त्याने पेजवर विचारलं. 'अकराव्या मिनिटाला ठोके कुणी ऐकले का?'

एका मुलीचं उत्तर लगेच आलं. 'काका, आपल्या मालिकेत भूत ठोकत नाही. पहिल्या भागापासून नियम आहे, दार आपोआप उघडतं. तुम्हीच लिहिलं होतंत ना, या भुतांना दार वाजवायची साधी रीत नाही म्हणून?'

लिहिलं होतं खरं. मामाने भाग थांबवला आणि टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला.



खालच्या रस्त्यावरून एक गाडी गेली. पंखा फिरत होता. आणि मग…

टक्. टक्.

…

टक्.

आवाज भिंतीतून आला. टीव्हीच्या मागून. मामा वीस वर्षं हेच काम करतोय, त्याची चूक होणं शक्य नव्हतं. भिंतीवर ठोकलं की आवाज तिथेच मरतो. रुळावर पाना आपटला की तो लांबत जातो, वर चढत जातो. हा लांबत गेला.

मामा दार उघडून जिन्याच्या मोकळ्या जागेत गेला. लिफ्टच्या दाराला उभी काच होती. तिला डोळा लावून त्याने आत पाहिलं. काळोख. त्याने खाली वाकून वॉचमनला हाक मारली.

"अरे, लिफ्टमध्ये कुणी शिरलंय का?"

"कोण शिरणार, साहेब? मी सकाळपासून दारातच बसलोय."

मामा घरात आला. दार लावलं, कडी घातली. कडीने काय होणार होतं, ते त्यालाच ठाऊक. इतकी वर्षं तोच लिहीत होता की भुताला कडी अडवत नाही.

ठोके पुन्हा आले. दोन… आणि एक.

मग थांबले.

ते थांबणं सगळ्यात वाईट होतं, असं मामा म्हणाला. कुणी घाबरवायला ठोकत असतं तर ठोकतच राहिलं असतं. पण हे ठोके द्यायचे आणि थांबायचे. शहाण्या माणसासारखे. मधला वेळ उत्तरासाठी सोडलेला.

मामाने आपलं नेहमीचं हत्यार काढलं. भिंतीकडे बघून मोठ्याने म्हणाला, "फालतूपणा आहे सगळा! मेलेला माणूस पाना धरेल कसा? फॉल्ट एक. मोटार नसताना लिफ्ट हलव म्हणून सांगतो कशाला? फॉल्ट दोन. फॉल्ट तीन…"

तिसरा फॉल्ट काही सुचेना. कारण तेवढ्यात त्याची नजर टीव्हीवर गेली. भाग आपोआप पुढे सरकला होता. पडद्यावरचा मेकॅनिक टपाच्या कडेला आला होता. कडेवरून वाकून तो वर बघत होता. वरून काहीच का येत नाही, हे बघत असल्यासारखा.

माणूस टपावरून कडेला कधी वाकतो, हे मामाला चांगलं माहीत होतं. तीन वर्षं माहीत होतं.

पाच वाजता तो आमच्या दारात उभा होता. पँटवर चहाचा डाग, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. आई कपड्यांच्या घड्या घालत होती. मी टेबलाशी अभ्यास करत होते.

"ताई," तो म्हणाला, "दाजी ठोकतायत."

आईने त्याला पाणी दिलं. तो प्याला नाही. सगळं सांगत गेला, आत्ता मी तुम्हाला सांगितलं तसं. आई ऐकत होती. घड्या घालायची थांबली नव्हती.

"मग?" ती म्हणाली. "तुला का ठोकतील? त्यांनी ठोकलं, तू उत्तर दिलंस. झालं की तेव्हाच."

मामाने पाण्याचा पेला बाजूला सरकवला.

"दिलं होतंस ना?"

"ताई, मी तेव्हा मोबाइलवर बघत होतो."

"काय बघत होतास?"

"मालिका. कानात एका बाजूला लावलं होतं. भाग संपायला दोन मिनिटं राहिली होती. दाजींचे ठोके आले. मी म्हटलं, एवढं बघतो आणि देतो."

आईचे हात थांबले.

"परत ठोकलं त्यांनी. दोनदा. मी ऐकलं. पण ती बाई दार उघडत होती, दारामागे कोण आहे ते… मग भाग संपला. मी तसंच बटण दाबलं. उत्तर द्यायचं राहिलं."

मला तेव्हा सगळं दिसलं. टपावर उभे असलेले बाबा, हातात पाना. ठोके देऊन थांबलेले. परत ठोके देऊन परत थांबलेले. उत्तर नाही, म्हणजे लिफ्ट हलणार नाही. मेव्हण्याला वर काही झालं तर नाही ना, म्हणून ते कडेला येऊन वाकून बघतात.

"म्हणजे हे थांबले होते," आई हळू म्हणाली.

"हो."

"दोन मिनिटं थांबले होते."

"हो, ताई."

"आणि मी या पोरीला तीन वर्षं सांगतेय, बापासारखी घाई करू नकोस."

मामा रडायला लागला. मला त्याची दया आली नाही. अजूनही येत नाही, लिहून ठेवते. आईने त्याच्याकडे बघितलं. रस्त्यात काहीतरी पडलेलं दिसावं, तसं.

"तीन वर्षं बसून तू त्या मालिकेच्या चुका मोजल्यास," ती म्हणाली. "आकडे घालून. लाज कशी नाही वाटली रे?" मग तिने विचारलं, "आज दिलंस का उत्तर?"

"नाही."

"आजही नाही?"

त्याने बाहीने तोंड पुसलं.

"ऊठ," आई म्हणाली. "पाना घे."

आम्ही तिघं मामाच्या घरी गेलो तेव्हा सहा वाजत होते. जिन्याच्या खिडकीतून अजून उजेड येत होता. दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी रेडिओ लावला होता. तिसऱ्या मजल्यावर पोचलो आणि मला वाटलं, काही नाही, मामाला भास झाला असेल. पापाचं ओझं दुसरं काय करणार?

तेवढ्यात आले.

टक्. टक्.

…

टक्.

मी ऐकले. माझ्या कानांनी. आईने माझा हात धरला. तिचा हात गरम होता, माझा गार.

"उघड," ती मामाला म्हणाली.

मामाने चावीने लिफ्टचं दार उघडलं. आत काळी पोकळी, तेलाचा वास आणि समोर उभा रूळ. मामा गुडघ्यांवर बसला. पाना आधीच वाजू नये म्हणून त्याने दुसऱ्या हाताने मनगट धरलं.

दोन… आणि एक.

आवाज लांबत खाली गेला.

मग काहीच नाही. दुसऱ्या मजल्यावरचा रेडिओ ऐकू येत होता.

"झालं ना, ताई?" मामा म्हणाला.

आणि दोर हलला.

आधी थोडासा. मग सलग. मामा मागे सरकत सरकत भिंतीला जाऊन टेकला. "मोटार नाहीये," तो पुटपुटत होता, "ताई, मोटार नाहीये हिला." खालून लिफ्ट येत होती. आवाज न करता. मोटारीची घरघर नाही, काही नाही. नुसता दोर सरकत होता.

आधी टप दिसला. तो वर येत येत बरोबर आमच्या पायांच्या पातळीला थांबला. इथे थांबवायची पद्धत फक्त मेकॅनिकांची असते. टपावरच्या माणसाला उतरता यावं म्हणून.

टपावर कुणी नव्हतं.

जिन्यातला उजेड आत पडला होता. टपावर धुळीचा जाड थर होता, बरेच महिने कुणी चढलं नसेल असा. त्या धुळीत बुटांचे दोन ठसे होते. फक्त दोनच. शेजारी शेजारी. कडेला नाही… बरोबर मधोमध.

त्यांची टोकं आमच्याकडे होती.

आई ओरडली नाही. तिने मला जवळ ओढलं आणि ती दारातून बाजूला झाली. कुणाला तरी वाट द्यावी, तशी.

दुसऱ्या दिवशी कंपनीची माणसं आली. म्हणाली, ब्रेक सुटला असेल. वजन जड असतं, त्यामुळे ब्रेक सुटला की रिकामी लिफ्ट आपोआप वर जाते. असेलही. मग ती पार वर जाऊन का नाही आपटली, मधेच अचूक कशी थांबली? "अडकली असेल." ठशांबद्दल म्हणाली, "कुणीतरी चढलं असेल." असेल, असेल, असेल. एवढ्या 'असेल'वर तर ती मालिका पाच वर्षं चालली आहे.

मामाने कंपनीला खरं लिहून दिलं. त्याची नोकरी गेली. बाबांच्या कागदावरची 'घाई' खोडली गेली, त्याची प्रत आईने कपाटात ठेवली आहे.

मामाने पेजवरही सगळं लिहिलं. यादी न करता, पहिल्यांदाच. खाली काय आलं असेल? 'मस्त कथा, काका!' 'शेवट पटला नाही.' 'मोटार नसताना लिफ्ट चालेल कशी? फॉल्ट एक.' मामा त्या दिवसापासून पेजवर गेलेला नाही. तुम्हीही तेच लिहाल, मला माहीत आहे. लिहा.

आमचं घर तळमजल्यावर आहे. इमारतीला लिफ्टच नाही.

तरी रोज दुपारी साडेतीनला आई हातातलं काम ठेवते आणि चमच्याने ओट्यावर ठोके देते. दोन… आणि एक. मी एकदा विचारलं, "आई, तुला आधी काही ऐकू येतं का गं?"

"उत्तर वेळेवर द्यावं," ती म्हणाली. तेवढंच.

परवा आम्ही रस्ता ओलांडत होतो. मी पाऊल पुढे टाकलं, तर तिने दंड धरून मागे ओढलं. "थांब जरा," म्हणाली. "बापासारखी थांब." मला तिथेच, गाड्यांच्या आवाजात, रडू आलं.

काल आई बाहेर गेली होती. मी घरी एकटीच होते. साडेतीन वाजले. मी पुस्तक टाकून स्वयंपाकघरात धावले, हाताला लागला तो चमचा उचलला आणि ओट्यावर ठोके दिले.

काही ऐकू आलं होतं का, ते मला विचारू नका.